काचेच्या गाडीची स्टेपनी

आमच्या वन्संना बाजारात सगळे काचताई म्हणत. त्यांच्या अंगात काचेसारखं नाजूक काही नव्हतं. आवाज खणखणीत, पाऊल दणकट, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी राग यावा आणि मग हसू फुटावं. पण वर्षानुवर्षं त्यांच्या पिकअपमधून काच जायची. घरांच्या खिडक्यांची, दुकानांच्या दर्शनी भागाची, केस कापायच्या दुकानातल्या आरशांची. म्हणून काचताई.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि त्या खालच्या दोन खोल्यांत. महिन्यापूर्वीपर्यंत त्या दोन खोल्यांत दोन माणसं होती. वन्सं आणि त्यांचे यजमान, आमचे भाऊजी. मूलबाळ नव्हतं. त्यांच्यात बोलायचं काम सगळं वन्संकडे होतं आणि ऐकायचं भाऊजींकडे. वन्सं म्हणायच्या, "लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, मुलगा मुका आहे आणि घरचे लपवतायत." भाऊजी गालात हसायचे आणि पुन्हा गप्प.

काच कधी आडवी नेत नाहीत, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आडवी ठेवलेली काच पहिल्याच खड्ड्याला आपल्याच वजनानं तडकते. ती उभी न्यायची, किंचित मागे रेललेली. त्यासाठी पिकअपच्या हौद्यात लाकडी घोडा बसवलेला असतो, दोन्ही अंगांनी उतरता, छपरासारखा. तळाला रबर, दोन काचांच्या मध्ये बुचाच्या चकत्या, वरून पट्टे. भाऊजी गाडी चालवायचे आणि वन्सं शेजारी बसायच्या, कान मागे लावून. एखादी काच जराशी जरी थरथरली तरी त्यांना ऐकू यायचं.

"अहो, डावीकडची मधली बोलायला लागली."

भाऊजी लगेच गाडी कडेला घ्यायचे, उतरून पट्टा आवळायचे. घरात नवऱ्यानं कधी बायकोचं इतकं मुकाट्यानं ऐकलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्या ह्यांना मी हे बोलून दाखवायची, तर हे म्हणायचे, "तू काच भरून दे, मीही ऐकतो."

भाऊजींच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा वन्संनी चाळिशी कधीच ओलांडली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवायची नाही आणि ओझं उचलायचं नाही. पाण्यानं भरलेली बादलीसुद्धा नाही. घरी येऊन भाऊजी खिडकीशी बसून राहिले. अंगणात पिकअप उभी होती आणि ते तिच्याकडे बघायचेही नाहीत. दोनचार दिवस वन्संनी ते पाहिलं. मग एका सकाळी गाडीची किल्ली त्यांच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाल्या, "शिकवा मला."

शिकवणी अंगणातच सुरू झाली. मी वरून कपडे वाळत घालताना ऐकायची.

"क्लच हळू सोड. मागे काच आहे असं समज."

"मागे काही नाहीये हो. रिकामी गाडी आहे."

"म्हणून तर समज म्हणतो. असती तर समजायला सांगावं लागलं नसतं."

इतकं लांब वाक्य मी भाऊजींच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. वन्संनी शिकताना अंगणाच्या भिंतीला दोनदा गाडी ठोकली, माझी कुंडी फोडली, आणि वर मलाच विचारलं, "रस्त्यात कुंडी कोण ठेवतं गं वहिनी?" पण परवाना मिळाला. मग दोघांनी जागा बदलल्या. त्या गाडी चालवायच्या आणि भाऊजी शेजारी बसून कान मागे लावायचे. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. मी देवापुढे हात जोडले की या दोघांचं नाव आपोआप यायचं.

माल चढवायला काचवाल्या शेठची माणसं असायची. पोचल्यावर उतरवून घ्यायला काच बसवणारे असायचे. त्या मधल्या रस्त्यात ओझं उचलायचं असं एकच काम उरत होतं, ते म्हणजे चाक पंक्चर झालं तर बदलणं. तेवढं काम भाऊजींना मनाई होती आणि वन्संनी ते कधी केलेलं नव्हतं. पिकअपचं चाक म्हणजे लोखंडी रिमसकट भलतंच जड. हौद्याखाली साखळीला टांगलेलं असतं. लांब दांडा फिरवला की ते खाली येतं, इथवर ठीक. पण ते उचलून बोल्टांवर नेमकं बसवायचं, तिथे भल्याभल्यांची कंबर धरते.

त्यातच जुनी स्टेपनी कुजली. टायरवाल्यानं तिच्यावर बोट फिरवलं आणि रबराची सालं हातात आली. नवी घ्यायलाच हवी होती. त्या दिवशी मी बाजारात जायला त्यांच्याबरोबर गाडीतच होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

टायरवाला तोंडाचा फटकळ. त्यानं सांगून टाकलं, "दोन प्रकार आहेत. मोठी घेतली तर ती बाकीच्या चारांची सख्खी बहीण. लावा आणि विसरून जा. पाचांची पाळीपाळीनं अदलाबदल केली तर सगळी सारखी झिजतात. छोटी म्हणजे पाहुणी. हलकी आहे, जागा कमी खाते, पण दुकानापर्यंतच सोबत करणार. तिच्यावर माल लादायचा नाही, जोरात पळवायचं नाही. आणि उंचीला बुटकी, त्यामुळे गाडी त्या कोपऱ्यात बसते."

"छोटी दाखवा," भाऊजी म्हणाले.

"दाखवा काय दाखवा!" वन्संनी त्यांना तिथेच तोडलं. "मुलगी बघायला आलाय का? गाडी एका कोपऱ्यात बसली की घोडा कलला, घोडा कलला की काच गेली. हे आता मी तुम्हाला सांगायचं?"

"काच नको न्यायला."

टायरवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. मीही भाऊजींकडे बघत राहिले. ते अगदी शांतपणे म्हणाले, "गादीवाला केव्हाचा विचारतोय. हलका माल आहे. पंक्चर झालं तर उतरवून कडेला ठेवला तरी काही बिघडत नाही. छोटी तुला एकटीला पेलेल."

वन्संचा चेहरा उतरला. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की भाऊजींना काच किती प्रिय होती. नवी काच घोड्यावर चढली की ते तिच्यासमोर मान वाकडी करून उभे राहायचे, कुठे लहर आहे का, प्रतिबिंब वाकडं होतं का ते बघत. रस्त्यानं जाताना एखाद्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही आपण आणली." त्यांच्या गप्पा त्या तेवढ्याच. अशा माणसानं आपणहून गाद्यांचं नाव काढलं होतं.

"उभा जन्म तुमचा काचेत गेला," वन्सं म्हणाल्या. आवाज जरा खालीच होता. "आणि आता गाद्या वाहायच्या? का, तर माझ्या हाताला चाक पेलत नाही म्हणून?"

"तुझ्या हातामुळे नाही गं. माझ्या छातीमुळे."

"छाती तुमची, हात माझे. हातांचं मी बघते." मग टायरवाल्याकडे वळून, "मोठी द्या. उद्या अंगणात चाक बदलून दाखवते. नाही जमलं तर परत आणून देईन आणि तुमची ती पाहुणी घेऊन जाईन."

"तिकीट लावा ताई," टायरवाला म्हणाला, "दुकान बंद करून येतो बघायला."

छोटी स्टेपनी त्यानं आतून आणलीच नाही. आणायची वेळच वन्संनी येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळे जमले. हे खुर्ची टाकून बसले, शेजारच्या शिंपीणबाई दारात आल्या. भाऊजींनी वन्संना युक्ती शिकवली. जमिनीवर बसायचं, दोन्ही पाय चाकाखाली सरकवायचे, खालून पहारीनं टेकू द्यायचा आणि हातांनी वरून तोल सांभाळत चाक पायांवर वर घ्यायचं. पहिल्यांदा ते निसटलं आणि वन्संच्या पोटरीवर आदळलं. हे खुर्चीतून उठले.

"बस तिथेच," वन्सं ओरडल्या. "भाऊ असशील घरात. इथे प्रेक्षक आहेस."

दुसऱ्या खेपेला त्यांनी दात ओठांत रुतवले, मानेच्या शिरा फुगल्या. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. देवा, एवढं होऊ दे, एवढ्यावर त्या माणसाचं सगळं सुख आहे. आणि चाक बसलं. बोल्टांवर नेमकं, टक् आवाज करून. शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी काळे झालेले दोन्ही हात वर केले. "झालं?"

भाऊजी जमिनीकडे बघत होते. आमचं अंगण सिमेंटचं, ताटासारखं सपाट.

"इथे झालं," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"रस्ता असा सपाट नसतो."

"तुमचं तोंडच वाकडं, रस्त्याचं काय घेऊन बसलात!"

सगळे हसले. भाऊजीही हसले. मोठी स्टेपनी साखळीला टांगली गेली आणि काच चालू राहिली. मी देवाकडे मागितलेलं मला मिळालं होतं. त्याबद्दल मी अजून देवाशी नीट बोललेले नाही.

त्या दिवशीचं जे आता सांगते, ते वन्संनी मला पुढे थोडं थोडं करून सांगितलं. ओट्याशी उभ्या राहून, भाजी निवडताना, कधी नुसतं जिन्यात. एका बैठकीत त्यांना ते कधीच सांगता आलं नाही.

एका नव्या दुकानाची दर्शनी काच होती. एकच अखंड, माणसापेक्षा उंच. भाऊजी सकाळपासून खुशीत होते. शहर मागे पडलं आणि उघड्या रस्त्यावर मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. रस्ता उंचावरचा, कडेला खडी टाकलेली, आणि ती खडी खड्ड्याच्या दिशेनं उतरत गेलेली. वन्संनी गाडी जितकी सरळ उभी करता येईल तितकी केली. भाऊजींना सांगितलं, जागचं हलायचं नाही. मग ह्यांना फोन केला. हे जेवायला बसत होते. ताट तसंच सोडून उठले, "निघालोच, तिथेच थांब," म्हणाले.

वन्सं थांबणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी जॅकखाली फळी घातली, गाडी उचलली, नट सोडवले, बसलेलं चाक काढलं. दांडा फिरवून स्टेपनी खाली घेतली. इथवर सगळं अंगणातल्यासारखं झालं. मग त्या खडीवर बसल्या, पाय चाकाखाली घातले आणि पहार लावली. पहार खडीत रुतत गेली. उतारामुळे बोल्टही अंगणातल्यापेक्षा वर होते, जेमतेम चार बोटं, पण ती चार बोटंच त्यांच्या पायांना पुरत नव्हती. चाक घसरलं. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरलं. एकदा तर ते निसटून खड्ड्याकडे घरंगळत निघालं आणि वन्सं त्याच्यामागे धावल्या. गाड्या शेजारून जात होत्या. त्यांनी हात केले. एकजण थांबल्यासारखा झाला, घोड्यावरची एवढी मोठी काच पाहिली आणि निघून गेला. आपल्या हातून काही फुटलं तर, असं वाटलं असेल त्याला.

भाऊजी आरशातून सगळं बघत होते.

मग दार उघडल्याचा आवाज आला. वन्सं ओरडल्या, "आत बसा म्हणते ना!"

"जॅक खचतोय," भाऊजी म्हणाले.

खरंच खचत होता. फळीचं एक टोक खडीत शिरलं होतं आणि गाडी हळूहळू त्या कोपऱ्यात कलत होती. वर काच पट्ट्यांवर भार टाकायला लागली होती. तिचा तो बारीक किरकिर आवाज दोघांनाही ऐकू येत होता.

"मी नुसता टेकू देतो. अर्धं तू, अर्धं मी."

"नाही."

"अगं, भाऊ येईपर्यंत ही उभी राहणार नाही."

वन्संनी काचेकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "बरं. पण तीन म्हटल्यावर. आधी नाही."

एक, दोन, तीन. चाक उचललं गेलं आणि पहिल्याच झटक्यात बसलं.

"इतकं सोपं गेलं गं वहिनी," हे सांगताना वन्संनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली होती. "इतकं सोपं गेलं की मला आनंद झाला. मी हसले. ह्यांच्या पाठीवर थाप मारली मी."

भाऊजींना त्यांनी लगेच आत बसवलं. नट स्वतः आवळले. मग ह्यांना फोन करून सांगितलं, "झालं रे, येऊ नकोस. निघालो आम्ही."

"कोणी उचललं चाक?"

"मी. अजून कोण?"

हे अर्ध्या वाटेतून मागे फिरले. घरी येऊन मला म्हणाले, "ताई म्हणजे ताई आहे बघ." आणि थंड झालेलं जेवण आनंदानं जेवले.

काच पोचली. ओरखडासुद्धा नाही. बसवणाऱ्यांनी ती जागेवर लावली, तेव्हा भाऊजी गाडीतून उतरून समोर मान वाकडी करून उभे राहिले. लहर नव्हती. त्यांनी पाणी मागितलं, थोडंसं प्यायले, आणि परत येऊन बसले. गाडी निघाल्यावर जरा वेळानं म्हणाले, "बघ, कशी सरळ चालतेय. छोटी असती तर कळलं असतं."

ते त्यांचं शेवटचं बोलणं. बायकोची निवड बरोबर होती, एवढं सांगून त्यांनी डोकं खिडकीला टेकलं.

वन्संना वाटलं, डोळा लागला. दमले असतील, झोपू दे. म्हणून त्यांनी वेग कमी केला. प्रत्येक खड्डा चुकवला, प्रत्येक उंचवट्यावर गाडी पायरीवरून उतरवावी तशी उतरवली. मागचा घोडा रिकामा होता. त्या मला म्हणाल्या, "इतकी जपून मी भरली गाडीसुद्धा कधी चालवली नव्हती."

अंगणात गाडी आली तेव्हा मी वरच होते. वन्संनी इंजिन बंद केलं, हळूच खाली उतरल्या, दारही लावलं नाही. वर बघून दबक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, पाणी आण गं जरा. ह्यांना झोप लागलीय, एकदम उठवायला नको."

मी पाणी घेऊन गेले. काचेतून भाऊजींचा गाल दिसला, खिडकीला चिकटलेला. श्वासानं तिथे काच धुरकट व्हायला हवी होती. ती स्वच्छ होती. मी पेला वन्संच्या हातात दिला आणि ह्यांना हाक मारली. माझ्या त्या हाकेवरून वन्संना कळलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं आपापलं बोलून घेतलं. कोणी म्हणालं, वेळ भरली होती. कोणी म्हणालं, त्रास न होता गेले, पुण्यवान. डॉक्टरांनी समजावलं की हृदय इतकं थकलं होतं, घरात बसल्या बसल्याही हे झालं असतं. वन्संनी ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरांना काय माहीत, चाक केवढं जड होतं ते."

तेव्हा ह्यांना पहिल्यांदा कळलं, चाक कोणी उचललं ते. हे उठले. गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

वन्सं रडल्या नाहीत. रोजची कामं करत होत्या. संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले की वर येऊन माझ्या शेजारी बसायच्या, पण ओठ हलायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "वन्सं, मन मोकळं करा. त्याच्यापुढे तरी." त्या म्हणाल्या, "त्याला काय सांगू? तो तिथेच होता ना."

पिकअप अंगणात उभी राहिली. काचेवर धूळ बसली. ह्यांनी एक दिवस धीर करून विषय काढला. "ताई, गाडी विकून टाक. आमच्यात राहा."

"तुमच्यातच राहते की. जेवायला वर येते, भांडायला वर येते. अजून काय राहायचं असतं?"

"तसं नाही..."

"मला दिवसभर त्या दोन खोल्यांत बसवू नकोस रे," त्या म्हणाल्या. "तिथे फार ऐकू येतं."



काल सकाळी वन्संनी खालून हाक मारली. "वहिनी, चल. टायरवाल्याकडे जायचंय." मी पदराला हात पुसत उतरले. गाडी धुतलेली होती. शेजारची जागा रिकामी होती आणि तिथे बसायला माझं मन घेईना. वन्संनीच आतून दार उघडलं. "बस. जागा आहे ती, बसायलाच असते." रस्ताभर दोघी गप्प. वन्संच्या गाडीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

टायरवाल्याला बातमी कळलेली होती. त्यानं थट्टा केली नाही. स्टूल पुसून पुढे केलं.

"ही मोठी काढा," वन्सं म्हणाल्या. "छोटी बसवा."

"आणि काच?"

"शेठना काल सांगून आले. दुसरी गाडी बघा म्हटलं. गादीवाल्याचं काम सोमवारपासून."

टायरवाला घुटमळला. "ताई, धंद्याचं नुकसान करून सांगतो, गाद्यांना ही मोठीही चालते. नवी आहे, एकदाच लागलीय. कशाला काढता?"

"त्यांनी छोटी दाखवा म्हटलं होतं," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही दाखवली नाहीत."

टायरवाल्याची मान खाली गेली. मग हलक्या आवाजात तो म्हणाला, "तुम्हीच दाखवू दिली नाहीत, ताई."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणायला हलवतात तशी. त्या मोठ्या चाकाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. टायरवाल्यानं ते दुकानाच्या आत, नजरेआड लोटत नेलं. हौद्यातल्या जुन्या चाकाचं पंक्चर काढून ते जागेवर चढवलं आणि बारीक टायरची छोटी स्टेपनी साखळीला टांगली. तिला हवा नेहमीच्या चाकांपेक्षा बरीच जास्त लागते आणि न वापरताही उतरते, अधूनमधून तपासून घ्या, एवढं त्यानं सांगितलं.

घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, सोमवारच्या आधी एकदा हात बसायला हवा. त्यांनी अंगणात मागचं चाक जॅकवर घेतलं, नट सोडवले. हे मदतीला खाली आले तर, "लांब राहा," म्हणाल्या. हे पाना हातात धरून भिंतीशी उभे राहिले. दांडा फिरवून वन्संनी छोटी स्टेपनी खाली घेतली आणि समोर ओढली. मग पूर्वीसारख्याच जमिनीवर बसल्या. पाय चाकाखाली घातले, पहार जवळ ओढली, ओठ दातांत धरले, खांदे ताठ केले. मोठ्या चाकाला लागायची तेवढी सगळी ताकद एकवटून त्यांनी झटका दिला.

चाक इतक्या पटकन वर आलं की वन्सं मागे कलंडल्या. पहारीची गरजही पडली नव्हती. चाक येऊन त्यांच्या मांडीवर पडलं.

त्या उठून बसल्या. चाक दोन्ही हातांत धरलं. जरा वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. एका हातात घेऊन पाहिलं. ते राहिलं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हे काहीच नाहीये गं."

मी एक पाऊल पुढे झाले.

"अगं, हे काहीच नाहीये. बघ ना. ए, बघ रे. हे एका हातानं..." त्यांनी ह्यांच्याकडे बघत चाक पुन्हा उचललं. "काहीच नाहीये हे."

आणि मग त्यांचा चेहरा मोडला. ते हलकं चाक छातीशी कवटाळून त्या रडायला लागल्या, तोंड उघडं टाकून, आवाजाची पर्वा न करता. शिंपीणबाई दारात आल्या आणि तशाच आत गेल्या. मी जाऊन वन्संशेजारी सिमेंटवर बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. प्रार्थनेचा एकही शब्द मला आठवेना.

बऱ्याच वेळानं हे जवळ आले. पाना खाली ठेवला, वाकले आणि चाक घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

वन्संनी ते दिलं नाही.